झिप ड्राइव्ह, 7 महिने वापरल्यावर

ताईच्या प्रबंधाची सगळी टिपणं 31 झिप डिस्कवर, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या फ्लॉपीसारख्या पण जास्त क्षमतेच्या डिस्कवर, अडकून पडली होती. 100 एमबीच्या डिस्क, पंचवीस वर्षं खोक्यात. त्यासाठीच यूएसबीचा झिप 250 ड्राइव्ह सेकंडहँड घेतला. झिप 750 हा पुढचा ड्राइव्ह मुद्दाम टाळला, कारण तो 100 एमबीची डिस्क फक्त वाचतो आणि मला काही डिस्कवर लिहूनही बघायचं होतं.

घेताना धास्ती होतीच. ‘क्लिक ऑफ डेथ’ नावाच्या बिघाडामुळे झिपचं नाव जे खराब झालं ते कायमचंच, 1998 मध्ये झिप बनवणाऱ्या आयोमेगा कंपनीवर अमेरिकेत सामूहिक दावाही झाला. वाचणारं-लिहिणारं हेड आत जातं, माहितीचा ट्रॅक सापडत नाही, मागे येतं, परत आत जातं, तोच तो टक-टक आवाज. पण खरी भीती आवाजाची नव्हे, संसर्गाची. बिघडलेलं हेड डिस्कची कड फाडतं आणि तीच फाटकी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हचं हेड खराब करते.

म्हणून पहिले दोन आठवडे ड्राइव्हला हातच लावला नाही. एकेक डिस्क घ्यायची, पत्र्याचं झाकण सरकवायचं, खालची धातूची चकती बोटाने हळूहळू फिरवायची आणि टॉर्च तिरपा धरून कड बघायची. दोन डिस्कच्या कडेला बारीक चीर दिसली. त्या बाजूला ठेवल्या.

उरलेल्या 29 च्या 29 वाचल्या गेल्या! एकीला डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचून काढणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा लागला, बाकीच्या तीन-चार मिनिटांत झाल्या. प्रत्येकीची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, नेमकी 10,06,63,296 बाइट्सची. पीसीवर फॉरमॅट केलेल्या झिपचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा विभाग, पहिलं नसून चौथं असतं. हे माहीत नसेल तर डिस्क कोरी आहे असं वाटून घाबरायला होतं.

या यंत्राचं मला मनापासून कौतुक वाटतं. फ्लॉपी मिनिटाला 300 फेरे घेते. झिपमधली तशीच लवचीक चकती जवळजवळ 3000 घेते. फ्लॉपीचं हेड ठरलेल्या पावलांनी, अंदाजाने सरकतं. झिपचं हेड हार्ड डिस्कसारखं व्हॉइस कॉइलवर, म्हणजे चुंबकाच्या जोरावर हलणाऱ्या तारेच्या गुंडाळीवर, चालतं आणि चकतीवर कारखान्यातच लिहिलेल्या, जागा दाखवणाऱ्या सर्व्हो खुणा वाचत ट्रॅक धरून राहतं. म्हणूनच डिस्क लोहचुंबकाजवळ अजिबात नेऊ नका. त्या खुणा पुसल्या तर घरच्या ड्राइव्हवर ती पुन्हा फॉरमॅट होत नाही.

एक गोष्ट खटकते. फ्लॉपीसारखी लिहिणं बंद करायची खिटी डिस्कवर नाही. ते काम सॉफ्टवेअरवर सोडलंय. जुन्या डिस्क जोडताना मी सिस्टीममध्येच ‘फक्त वाचन’ करून घेतो.

नवीन काही साठवायला हा ड्राइव्ह घेऊ नका. जुन्या डिस्क उतरवून घ्यायच्या असतील तर जरूर घ्या आणि लवकर घ्या. त्या चिरलेल्या दोन डिस्कसाठी मी आता दुसरा ड्राइव्ह शोधतोय, गेला तरी चालेल असा. ताईचं शेवटचं प्रकरण त्यांतल्याच एकीवर आहे.