पुणे–नागपूर, रात्रीचे विमान : साडेतीन तासांच्या विलंबासह एक परीक्षण

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीच्या बारशासाठी मी पुण्याहून नागपूरला गेलो, तो एका स्वस्त दराच्या देशांतर्गत कंपनीच्या रात्री ८ वाजून १० मिनिटांच्या विमानाने. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण जे घडले ते रात्रीच्या कोणत्याही विमानाच्या बाबतीत, कोणत्याही कंपनीकडून घडू शकते असे माझे मत झाले आहे.

या मार्गावर पर्याय मोजकेच आहेत. ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये आख्खी रात्र जाते. ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेली अजनी–पुणे वंदे भारत चांगली आहे, पण तिला सुमारे बारा तास लागतात, म्हणजे रजेचा एक दिवस गाडीतच संपतो. विमान हवेत सव्वा तासाच्या आसपास असते. माझे तिकीट ५,३४० रुपयांचे होते. खिडकीजवळच्या सीटचे ३५० आणि विमानात घेतलेल्या उपम्याचे २५० रुपये वेगळे. सीटसाठी पैसे मोजायला लावणाऱ्या कंपन्यांवर पूर्वी मला राग येत असे. जागतिक विमान कंपन्यांची संघटना असलेल्या आयाटाचा २०२५ सालचा अंदाज वाचल्यापासून तो थोडा ओसरला आहे. त्या अंदाजानुसार जगभरातील कंपन्यांच्या हाती दर प्रवाशामागे सरासरी सात डॉलरच्या आसपास निव्वळ नफा राहतो, म्हणजे आपले सहाशे रुपयांहून थोडे अधिक. माझी खिडकी आणि माझा उपमा मिळून साधारण तेवढेच होतात.

लोहगावची नवी इमारत जुलै २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून पुण्यात बसायला जागा मिळते, हे मान्य केले पाहिजे. बॅग देणे आणि सुरक्षा तपासणी मिळून पंचवीस मिनिटांत झाली. धावपट्टी मात्र हवाई दलाच्या तळाचीच आहे, त्यामुळे इमारत वाढली म्हणून उड्डाणांच्या वेळा त्याच प्रमाणात वाढत नाहीत. पुढचे सगळे घडले ते गेटपाशी.

साडेसातला फलकावर ८.४० अशी वेळ आली. मग ९.१५, मग १०.००, मग १०.४५. प्रत्येक वेळी ‘विमान येण्यास उशीर झाल्यामुळे’ एवढेच कारण. गेटवर विशीतली एकच कर्मचारी मुलगी आणि समोर दीडशेच्या वर माणसे. एका आजोबांनी तिला शांतपणे विचारले, “बाळ, खरं काय ते सांग.” ती म्हणाली, “आजोबा, तुम्हाला त्या बोर्डावर दिसतं तेवढंच मलाही दिसतं.” हे खरे असावे असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले. शेजारच्या एका विद्यार्थ्याने विमानांचा माग दाखवणारे ॲप उघडले आणि कंपनीने तीन तासांत जे सांगितले नाही ते दोन मिनिटांत कळले. आमचे विमान पहाटे दिल्लीत धुक्यात अडकले होते, दोन तास उशिरा गोव्याला गेले, तिथून बंगळुरूला आणि आता तिथून पुण्याला येत होते. साडेआठलाच हे स्पष्ट होते की साडेदहाच्या आत ते पुण्यात उतरणार नाही. तरीही फलक आम्हाला अर्ध्या-अर्ध्या तासाच्या हप्त्याने उशीर देत राहिला. माझी या सेवेबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. खरी वेळ साडेआठला सांगितली असती तर मी जवळच्या मित्राच्या घरी जाऊन जेवून आलो असतो.

धुक्याला कोणी जबाबदार नाही, आणि कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना नियमांत सूट आहेच. पण पहाटे दिल्लीत पडलेले धुके रात्री पुण्यातल्या माणसाला का भोवावे? स्वस्त दराचे गणित असे असते की विमान जमिनीवर उभे राहिले की पैसे खाते, म्हणून एकच विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या करते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये अर्ध्या तासाच्या आसपास थांबते. सकाळी दोन तास गेले की ते भरून काढायला दिवसभरात कुठे फटच नसते. उलट प्रत्येक विमानतळावर आपली ठरलेली वेळ चुकल्यामुळे आणखी थोडा उशीर चढतो, आणि व्याजासह सगळी थकबाकी शेवटच्या फेरीच्या प्रवाशांकडून वसूल होते.

एखादे विमान राखीव ठेवता येत नाही का, असा प्रश्न गेटवर एका काकूंनी मोठ्याने विचारला. उत्तर द्यायला तिथे कोणी नव्हते, पण ते अवघड नाही. बहुतांश विमाने भाड्याची असतात, भाडे डॉलरमध्ये जाते आणि तिकिटाचे पैसे रुपयांत येतात. इंधनावर एकूण खर्चाच्या तीस ते चाळीस टक्के जातात, आणि विमानाचे इंधन अजूनही जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा असतो. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्के केला, हे त्यातल्या त्यात बरे. त्यात इंजिनांची रड. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या काही भागांत धातूच्या भुकटीचा दोष असल्याचे जुलै २०२३ मध्ये जाहीर झाले आणि जगभर शेकडो विमाने तपासणीसाठी उभी करावी लागली. त्याआधीच, मे २०२३ मध्ये, गो फर्स्टने याच कंपनीच्या इंजिनांना बोल लावत दिवाळखोरीचा अर्ज केला होता. किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट एप्रिल २०१९ मध्ये थांबली, ही उदाहरणे ताजी असताना कोणताही व्यवस्थापक रिकामे विमान राखून ठेवायला धजावणार नाही.

विमान १०.३५ ला उतरले. तरी आम्ही निघालो ११.४० ला, कारण आधीच्या वैमानिकांचे कामाचे तास संपले होते आणि दुसरे यावे लागले. यावर मात्र माझा आक्षेप नाही. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या उड्डाणांचे निर्बंध नोव्हेंबर २०२५ पासून कडक झाले. त्याची तयारी नीट न केल्यामुळे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, हे सर्वांनी पाहिले. दोष नियमांचा नव्हता. दमलेल्या वैमानिकामागे बसून वेळेत पोहोचण्यापेक्षा मी तासभर गेटवर बसेन.

खाण्याविषयी. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक विलंब झाल्यास अल्पोपाहार द्यावा आणि सहा तासांहून अधिक झाल्यास पर्यायी विमान किंवा पैसे परत द्यावेत, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. आम्हाला सँडविच आणि फळांच्या रसाचा डबा मिळाला, पण सव्वादोन तासांनी, आणि आम्ही चार-पाच जणांनी नियमाचा उल्लेख केल्यावर. सँडविच कोरडे होते.

विमानात शिरल्यावरचा अनुभव चांगला. स्वच्छता होती, पाय मोकळे ठेवायला बेताची जागा होती, सेविका थकल्या असूनही सौम्य होत्या. उड्डाणानंतर मुख्य वैमानिकाने दिल्लीच्या धुक्यापासून स्वतःच्या बदलीपर्यंतचा सगळा क्रम हिंदीत आणि इंग्रजीत सांगून माफी मागितली. दीड मिनिटाचे ते निवेदन ऐकून विमानातील कुरकुर थांबली. नागपूरला एक वाजता उतरलो आणि दहा मिनिटांत बॅग पट्ट्यावर आली.

गुण द्यायचे तर उड्डाणाला पाचपैकी चार, गेटवरच्या माहितीला एक. मार्चमध्ये पुन्हा जायचे आहे; त्याचे तिकीट याच कंपनीचे काढले आहे, पण पहाटेच्या पहिल्या विमानाचे, सात किलोच्या एकाच पिशवीसह, आणि उपमा घरून नेणार आहे.