'नो' या शब्दाच्या पानावरून कोबिल्डची पारख

गेली अकरा वर्षं मी नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. एवढ्या काळात माझ्या टेबलावरून न हललेलं एकच पुस्तक म्हणजे कॉलिन्स कोबिल्ड हा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. कोशाबद्दल लिहिताना त्यात किती हजार शब्द आहेत हे सांगायची पद्धत आहे. मी फक्त एका शब्दावरून बोलणार आहे: 'नो'. म्हणजे माहीत असणं, आणि त्याच्या आसपासची क्रियापदं. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

आधी मी एक इंग्रजी-मराठी कोश वापरायचे. त्यात 'नो'पुढे जाणणे, माहीत असणे, ओळखणे असे तीन अर्थ होते. तिन्ही बरोबर, पण त्यांवरून कुणाला वाक्य करता येत नसे. 'मला माहीत आहे' यातला 'आहे' मनात असतो, म्हणून माणूस 'आय ॲम नोइंग' म्हणतो. 'मला पोहता येतं' हे 'आय नो टू स्विम' होतं. मधला 'हाउ' हवाच, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

कोबिल्डची पहिली आवृत्ती 1987 साली आली. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली खऱ्याखुऱ्या लेखनाचा आणि बोलण्याचा मोठा साठा संगणकावर जमवून तो तयार झाला. त्याची खूण अशी की अर्थ तुकड्यात न देता पूर्ण वाक्यात दिलेला असतो. एखाद्याला तुम्ही ओळखता म्हणजे तुम्ही त्याला आधी भेटलेले आहात, बोललेले आहात, अशा धाटणीचं. अर्थ वाचता वाचताच शब्द कसा वापरायचा हे दिसतं.

मराठी माणसाला याचा फार उपयोग होतो, आणि त्याचं कारण मला शिकवायला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी उमगलं. आपल्याकडे माहिती माणसापाशी चालत येते. मला कळलं, मला समजलं, मला आठवलं. आपण 'मला' म्हणून एका बाजूला उभे असतो. इंग्रजीत मात्र 'आय' म्हणून पुढे यावं लागतं: आय नो, आय रिमेंबर, आय अंडरस्टँड. नुसता प्रतिशब्द ही उलटापालट दाखवत नाही. पूर्ण वाक्य दाखवतं.

'ओळखणे' घ्या. 'मी तिला ओळखते' आणि 'मी तिला ओळखलं' यांत आपण फक्त काळ बदलतो. इंग्रजीला तिथे दोन वेगळी क्रियापदं लागतात, पहिल्याला 'नो' आणि दुसऱ्याला 'रेकग्नाइझ'. नुसतं नाव ऐकून माहीत असेल तर 'नो ऑफ'. वर्गातल्या एकीने मुलाखतीत एका मोठ्या अधिकाऱ्याबद्दल 'आय नो हिम' म्हटलं. समोरच्यांनी लगेच विचारलं, कुठे भेटलात? ती गोंधळून गेली, कारण तिने त्यांचं फक्त नाव ऐकलं होतं. एक 'ऑफ' राहिला होता. जुळ्यांमधला कोण कोणता हे ओळखता येत नसेल, तर इंग्रज माणूस 'आय कान्ट टेल' म्हणतो. 'टेल' म्हणजे सांगणे एवढंच घोकलेल्याला हे वाक्य कळणं शक्यच नाही. 'टेल'च्या नोंदीत हा अर्थही आहे.

पण खरी गुंतागुंत 'कळलं'ची. आपलं 'मला कळलं' इंग्रजीत निदान पाच ठिकाणी विखुरतं. चौकशी करून कळलं तर 'फाउंड आउट'. कानावर आलं तर 'हर्ड'. समोरच होतं आणि एकदम लक्षात आलं तर 'रिअलाइज्ड'. समजावून दिल्यावर कळलं तर 'अंडरस्टुड'. बातमीच्या गंभीर सुरात 'लर्न्ड'. आपण सगळीकडे 'केम टू नो' लिहितो. ते चूक आहे असं मी कुणाला सांगत नाही, पण रोजच्या बोलण्यात तिथे 'फाउंड आउट' किंवा 'हर्ड' जास्त सहज बसतं. शिवाय खरेपणाचा प्रश्न आहे. 'बैठक रद्द झाल्याचं कळलं होतं, पण ती झालीच' असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीत 'फाउंड आउट' किंवा 'रिअलाइज्ड' म्हटलं की पुढची गोष्ट खरी असल्याची हमी बोलणाऱ्याने दिलेली असते, म्हणून इथे 'हर्ड'च हवं. कामाच्या ईमेलमध्ये हा फरक महागात पडू शकतो.

आणखी एक जागा आहे, तिच्यासाठी मी हा कोश कुणालाही घ्यायला सांगेन. माझ्या एका विद्यार्थ्याने परदेशातल्या सहकाऱ्याला फोनवर म्हटलं, हे काम फारच किचकट आहे. पलीकडून उत्तर आलं, 'आय नो!' त्याला वाटलं, 'मला माहितीये, तू नको सांगूस' असं ती म्हणतेय. दोन दिवस तो तिच्याशी तुटकच बोलत होता. आम्ही 'नो'च्या नोंदीत खाली खाली वाचत गेलो. समोरच्याशी आपण सहमत आहोत हे दाखवायलाही 'आय नो' म्हणतात. म्हणजे आपलं 'हो ना!' तो बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसला होता. 'यू नो'चंही तसंच. तो बहुतेक वेळा प्रश्न नसतो, बोलता बोलता समोरच्याला सोबत घेणं असतं.

मी वर्गात एक गोष्ट स्वतःहून जोडते. 'नो' आणि आपलं 'जाणणे' एकाच प्राचीन धातूपासून आले आहेत, संस्कृतातला 'ज्ञा' तोच. स्पेलिंगमधला 'के' आज मुका असला तरी पूर्वी तो उच्चारला जायचा. हे ऐकल्यावर त्या अक्षराबद्दलची चिडचिड कमी होते, असा माझा अनुभव आहे.

हा कोश अगदी नवख्यासाठी नाही. साधं इंग्रजी वाक्य वाचताना अजून अडखळायला होत असेल, तर आधी काही महिने दुभाषी कोश बरा. मराठी माणूस कुठे घसरेल हे अर्थातच यात नाही, ते मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवते. छापील प्रत जड आहे. या व्याख्या कॉलिन्सच्या संकेतस्थळावरही वाचता येतात, पण 'नो'सारखी लांब नोंद मला कागदावरच बरी वाटते, कारण पुढचे-मागचे अर्थ एकाच नजरेत येतात.

नवीन तुकडीचा पहिला तास मी याच पानावर घेते. सगळे मिळून नोंद मोठ्याने वाचतात. मग प्रत्येकाने या आठवड्यात आपल्याला जे जे 'कळलं' त्याची पाच वाक्यं लिहायची, आणि एकही क्रियापद दुसऱ्यांदा वापरायचं नाही.