पीटर लूगर, ब्रुकलिन: पोर्टरहाऊस खायचा तर इथेच

न्यूयॉर्कमध्ये स्टेक कुठे खाऊ असं कोणी विचारलं की मी पहिलं नाव पीटर लूगर या जुन्या स्टेकहाऊसचं घेते, आणि लगेच ऐकायला मिळतं की अगं ते आता टुरिस्टांचं झालंय, न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने २०१९ मध्ये शून्य स्टार दिले, २०२२ मध्ये मिशेलिन या रेस्टॉरंट गाइडचा स्टार पण गेला. हे सगळं खरंय. तरी मी म्हणते जा, पोर्टरहाऊससाठी, म्हणजे हाडासकटच्या मोठ्या बीफ स्टेकसाठी जा.

जागा विल्यम्सबर्ग ब्रिजजवळ, ब्रुकलिनच्या ब्रॉडवेवर (मॅनहॅटनच्या नाही हं, सबवेने मार्सी अव्हेन्यूला उतरायचं), आणि चालू आहे १८८७ पासून. १९५० मध्ये लिलावात निघालं तेव्हा सॉल फोरमन यांनी घेतलं, त्यांचा कारखाना समोरच होता आणि जेवायला ते इथेच यायचे. पण मला खरं कौतुक त्यांच्या बायकोचं, मार्शाबाईंचं. मांस निवडायचं काम त्यांनी अंगावर घेतलं, मांसाचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी ग्रेडिंगमधून रिटायर झालेल्या माणसाकडून शिकल्या आणि घाऊक बाजारात स्वतः जाऊन माल बघायला लागल्या, पुढे मुली आल्या, मग नात. आपल्याकडे आई पापलेटचा कल्ला उचलून बघितल्याशिवाय कोळणीच्या हातात पैसे ठेवत नाही ना, अगदी तसं. चव सगळी तिथून येते असं माझं ठाम मत आहे.

घेतात ते प्राइम ग्रेडचं, म्हणजे सगळ्यात वरचं, आणि तिथेच ड्राय एज करतात, थंड हवेत ठेवून ठेवून पाणी उडतं, मांसातली एन्झाइम्स त्याला मऊ करतात आणि चव दाट होत जाते. पोर्टरहाऊसमध्ये मधे टी आकाराचं हाड, एका बाजूला स्ट्रिप नावाचा मोठा तुकडा, दुसऱ्या बाजूला टेंडरलॉइन नावाचा छोटा, मऊ तुकडा. दोघांचा, तिघांचा, चौघांचा असा मागवायचा. कापूनच येतो, बटर तडतडत असतं, वेटर प्लेटखाली छोटी बशी पालथी ठेवून ती तिरकी करतो म्हणजे बटर आणि रस एका बाजूला साचतो आणि तोच चमच्याने वर घालतो. मीडियम रेअरच, म्हणजे आतून लालसर-गुलाबी राहिलेला सांगा, प्लेट इतकी गरम असते की पुढचं शिजणं टेबलावरच होतं. स्ट्रिपचा तुकडा आधी खा, हाडाजवळचा तर सोडूच नका, टेंडरलॉइन मऊ असतं पण चव स्ट्रिपची. त्यांचा स्वतःचा एक स्टेक सॉस असतो, तो स्टेकला लावू नका प्लीज, सुरुवातीला टोमॅटो-कांद्याच्या चकत्या मागवा आणि त्यांच्यावर घ्या, तिथे मस्त लागतो. बेकनचा जाड स्लाइस माणशी एक पुरे. क्रीम्ड स्पिनच (क्रीममधला पालक) ठीक, बटाटे ठीक.

बीफ न खाणारं कोणी बरोबर असेल तर सॅमन मिळतो, पण शाकाहारी माणसाला उगाच नेऊ नका, साइड डिशवर जेवण काढावं लागेल आणि बिल तर मोठंच येतं. वर्षानुवर्षं इथे क्रेडिट कार्ड चालत नव्हतं, त्यामुळे बुकिंग करताना पैसे कसे घेतात ते विचारून घ्या. संध्याकाळचं जमत नसेल किंवा एवढा खर्च नको असेल तर दुपारी जा, बर्गर फक्त लंचलाच असतो आणि खूप चांगला असतो. डेझर्ट कुठलंही घ्या, बरोबर श्लाग म्हणजे घट्ट फेटलेल्या क्रीमचा डोंगर येतो, दोघांत एकच मागवा.