165 सेंटिमीटर लांबी, 76 मिलिमीटर कंबर: एका पूर्ण सीझननंतर

ऐन थंडीत घेतलेली ही स्की वसंतातला ओला बर्फ संपेपर्यंत वापरून झाली, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येईल. माझी उंची 172 सेंटिमीटर, वजन 74 किलो. ग्रूम केलेल्या, म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारांवर मी बिनधास्त उतरतो, वेग बऱ्यापैकी असतो, शर्यतीशी मात्र काही संबंध नाही. स्कीवर छापलेले आकडे 122-76-106, म्हणजे टोक, मध्य (कंबर) आणि शेपूट यांची मिलिमीटरमधली रुंदी; कडेच्या बाकाची, म्हणजे वळणाची त्रिज्या 14 मीटर. पुढच्या टोकाला थोडा रॉकर (टोक आधीपासूनच वर उचललेलं), पायाखाली कॅम्बर (मधला भाग कमानीसारखा वर), आत लाकडी गाभा आणि त्यावर टायटेनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ थर.

लांबी किती घ्यायची, हा प्रश्न सगळे आधी विचारतात आणि उत्तरही ठरलेलं असतं: उभी धरलेली स्की हनुवटीपासून कपाळापर्यंत कुठेतरी पोचावी. सुरुवात म्हणून हे ठीक आहे, पण या मापात माणसाचं वजन येतच नाही. स्की वाकते वजनाने आणि वेगाने, आणि वाकली की वळते. माझा मेव्हणा माझ्याच उंचीचा, पण 90 किलोचा. माझ्याच मॉडेलची 165 त्याने दिवसभर चालवून पाहिली. वेग वाढला की टोक थरथरायचं, कडक बर्फावर शेपूट निसटायची. 172 घातल्यावर तोच उतार तो शांतपणे उतरला. माझ्या पायात तीच 172 लहान वळणं घेताना उशिरा फिरायची आणि दुपारनंतर मांड्या भरून यायच्या. दोघांची उंची एकच, पण योग्य लांबी वेगवेगळी निघाली.

यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. एकाच मॉडेलमध्ये लांबी बदलली की बहुतेक वेळा त्रिज्याही बदलते. लांब स्की म्हणजे मोठं वळण. छापलेली त्रिज्या ही सपाट पडलेल्या स्कीच्या बाकाची असते. कडेवर जितकी जास्त झुकवाल तितकं वळण लहान होतं. 14 मीटरची स्की 45 अंशांत झुकवली तर साधारण 10 मीटरचं वळण मिळतं, 60 अंशांत 7 मीटरच्या आसपास. आपल्यासारख्या हौशी माणसाला 60 अंश क्वचितच जमतात, म्हणून मला 13 ते 15 मीटरचा पट्टा सर्वात उपयोगी वाटतो.

हात सरळ वर करून मनगटापर्यंत पोचेल एवढी स्की घ्यावी, असं सांगणारे जुने लोक अजून भेटतात. त्यांच्या काळात ते बरोबरच होतं. तेव्हाच्या स्की जवळपास सरळ असायच्या आणि पुरुषांची 200 सेंटिमीटरपेक्षा लांब असणं नेहमीचंच. 1993 मध्ये स्लोव्हेनियाच्या एलानने खोल साइडकटची, म्हणजे कडा मध्यात जास्त आत वळलेली एससीएक्स ही स्की आणली आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्यांच्याच स्की आखूड झाल्या. तो सल्ला आजच्या स्कीला लावू नये.

रॉकरचा मुद्दा सहसा कोणी समजावत नाही, म्हणून घरी करून पाहण्याजोगं सांगतो. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा आणि मधोमध आवळून एकमेकींना चिकटवा. टोकाकडून दोघींच्या फटीत कागद सरकवा. जिथे कागद अडतो, तिथून पुढे कड बर्फाला खरी लागते. माझ्या स्कीवर टोकापासून जवळपास एक वीत मोकळी राहते, म्हणजे सपाट चालताना 165 पैकी तेवढा भाग हवेत. रॉकर जास्त असलेली स्की एखादं माप लांब घेतली तरी वळायला हलकी वाटते, ती याचमुळे. संपूर्ण कॅम्बर असलेली स्की त्याच लांबीत जास्त लांब वागते.

आता कंबर. हौशी स्कीअरच्या निवडीत लांबीइतकीच किंवा तिच्याहून मोठी गोष्ट हीच, असं माझं ठाम मत झालंय. सध्या 90 मिलिमीटर आणि त्याहून रुंद स्की सगळीकडे दिसतात आणि 'एकच स्की सगळीकडे' म्हणून त्या घेतल्या जातात. मीही 90 वाली चालवून पाहिली. मऊ ताज्या बर्फात ती सुंदर तरंगते. पण सकाळच्या टणक बर्फावर हिशेब बदलतो. बुटाच्या मध्यापासून कडेचं अंतर 76 मध्ये 38 मिलिमीटर, 90 मध्ये 45. आपण कडेवर उभे राहिलो की तेवढ्या अंतरावरून बर्फ स्कीला पुन्हा सपाट पाडायला बघतो आणि ते घोटा आणि गुडघा मिळून अडवून धरतात. शिवाय एका कडेवरून दुसरीवर जायलाही जास्त वेळ लागतो. माझ्या गुडघ्याला तो फरक दुपारपर्यंत स्पष्ट जाणवला. ज्यांचा बहुतेक वेळ ग्रूम केलेल्या उतारांवर जातो, त्यांनी 72 ते 80 च्या आतच राहावं.

याची किंमत मोजावी लागते, तीही सांगतो. ताजा बर्फ घोट्यावर आला की माझी स्की बुडते. वसंतातल्या दुपारी ओल्या बर्फाचे ढीग झाले की टोक त्यांत अडतं. तिथे दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून ढिगांमधून जावं लागतं. टायटेनलमुळे वेगात स्की स्थिर राहते, पण खांद्यावर घेऊन चालताना वजन जाणवतं. अगदी नवख्या माणसाला मी धातू नसलेली, मऊ आणि 5-10 सेंटिमीटर आखूड स्की देईन.

'महिलांची स्की' या शिक्क्याबद्दल एक सांगायलाच हवं. ती बहुतेकदा हलकी आणि मऊ असते. हलक्या वजनाच्या कुणालाही ती छान चालते, पण उंच, ताकदवान आणि वेगाने जाणाऱ्या बाईच्या गळ्यात ती केवळ शिक्का पाहून मारू नये.

देखभाल फार नाही. बाजूची कड 88 अंशांत, तळाची 1 अंश. दर थोड्या दिवसांनी डायमंड स्टोन फिरवला तर कडक बर्फावरची पकड टिकते. बोथट कडेने कुठलीच लांबी योग्य वाटत नाही, तेव्हा स्की बदलायच्या विचारात असाल तर आधी कडेला धार लावून घ्या. बाइंडिंगचं, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या पकडीचं सेटिंग स्कीच्या लांबीवर ठरत नाही. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमची शैली सांगून ते तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावं. वजन कमी सांगण्याचा मोह इथे धोक्याचा आहे.

भाड्याने घेऊन पाहणार असाल तर एकाच मॉडेलच्या लागोपाठच्या दोन लांबी मागा आणि एकाच उतारावर चालवा, एकदा सकाळच्या टणक बर्फावर आणि एकदा पाय थकल्यावर. माझा निर्णय दुसऱ्या फेरीत झाला.