गावच्या युद्धस्मारकासाठी काय मागवावं: रणगाडा, लढाऊ विमान की तोफ?

ग्रामसभेत युद्धस्मारकाचा विषय निघाला की बहुतेक हात रणगाड्यासाठी वर होतात. थोडे विमानासाठी होतात. तोफ सहसा कुणाला आठवत नाही, आणि दहापैकी सात-आठ गावांना खरं तर तोफच झेपणारी असते. तिन्ही पर्यायांचा हिशेब पुढे मांडला आहे. तो ठराव लिहिण्याआधी वाचलेला बरा, कारण छत्तीस टनांचं लोखंड एकदा चौथऱ्यावर बसलं की ते हलवायला कुणीच येत नाही.

आधी कागदांचं. निवृत्त सामग्री संरक्षण मंत्रालय किंवा त्या त्या सेनादलाचं मुख्यालय देतं. जिल्हाधिकारी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेलेल्या अर्जाला वजन असतं. यादीतून आपण निवड करू असं कुणी समजू नये. जे उपलब्ध असेल ते, आहे त्या स्थितीत, आहे त्या जागेवरून उचलायचं, आणि वाहतूक, चौथरा, देखभाल सगळं मागणाऱ्याच्या गळ्यात. म्हणून अर्जात एकाच नगाचा हट्ट न धरता दोन पर्याय लिहावेत. जागेचा सातबारा स्वच्छ हवा. भर चौकात, रस्त्याच्या मधोमध बसवायचा बेत असेल तर तो इथेच सोडा. सार्वजनिक रस्त्यांवर पुतळे वा बांधकामांना परवानगी देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बजावलं आहे. शाळेचं मैदान, ग्रामपंचायतीचं आवार किंवा जुन्या चावडीची जागा चांगली.

| | टी-५५ रणगाडा | मिग-२१ विमान | मैदानी तोफ |
|---|---|---|---|
| वजन | सुमारे ३६ टन | रिकामं, साडेपाच टनांच्या आसपास | २५ पौंडी (गोळ्याचं वजन): १.६ टन, १०५ मिमी (नळीचा आतला व्यास): साडेतीन टन, १३० मिमी: पावणेआठ टन |
| आकार | नळीसह ९ मीटर लांब, ३.२७ मीटर रुंद | पंधरा मीटरच्या घरात लांब, पंख ७.१५ मीटर | २५ पौंडी ट्रॅक्टरमागे मावते, १३० मिमी मावत नाही |
| वाहतूक | लो-बेड ट्रेलर, जादा रुंदीचा परवाना | पंख सोडवून दोन ट्रेलर | साधा ट्रक आणि हायड्रा म्हणजे छोटी फिरती क्रेन (१३० मिमीला ट्रेलर) |
| मुख्य शत्रू | आत साचणारं पाणी | वारा, पारवे, दोन धातू एकमेकांना लागून होणारी झीज | भंगारचोर |

रणगाडा

रणगाड्याचा खर्च तो घेण्यात नसतो, आणण्यात असतो. नियमानुसार वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर आणि हा गडी ३.२७ मीटर. म्हणजे जादा आकाराच्या मालाचा परवाना आला, ठरलेला मार्ग आला, आणि त्या मार्गावरच्या प्रत्येक मोरीची चौकशी आली. ट्रेलर धरून भार पन्नास टनांच्या पुढे जातो. राज्यमार्ग तो झेलतो. घोटाळा शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये, ओढ्यावरच्या जुन्या पाइपांच्या मोरीवर होतो.

उतरवताना एक चूक ठरलेली: वजन ३६ टन, म्हणून ४० टनी क्रेन मागवली जाते. क्रेनवर लिहिलेला आकडा बूम, म्हणजे क्रेनचा हात, अगदी अंगाशी असतानाचा असतो. आठ मीटरवर हात लांबवला की तीच क्रेन पाव-तिसरा हिस्सा उचलते. एकतर मोठी क्रेन तिचा भारतक्ता बघून ठरवा, नाहीतर दोन क्रेन लावा, नाहीतर लाकडी स्लीपरचा उतार करून विंचने ओढून घ्या. दुसरी चूक जीवघेणी आहे. टरेटवर, म्हणजे वरच्या फिरत्या घुमटावर, दिसणाऱ्या कड्या फक्त टरेट उचलण्यासाठी असतात, त्यांना दोर अडकवून अख्खा रणगाडा उचलायचा नाही. विंचने ओढायचा असेल तर गियर न्यूट्रलला आहे की जाम, ते डेपोतच बघून घ्यावं. जाम असेल तर मागच्या स्प्रॉकेटवरून (दातेरी चाकावरून) ट्रॅक, म्हणजे चाकांभोवतीची लोखंडी साखळी, सोडवावा लागतो, आणि ते काम गावात करण्यासारखं नाही.

चौथऱ्याचा हिशेब मात्र वाटतो तितका भयंकर नाही. रणगाड्याचा जमिनीवरचा दाब चौरस सेंटिमीटरला ०.८१ किलो, म्हणजे चौरस मीटरला आठ टनांच्या आसपास. काळ्या मातीला तेवढाही सोसवत नाही, शिवाय ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून काळी माती पूर्ण काढून मुरमापर्यंत जायचं, मुरूम-गिट्टी थरांनी दाबायची आणि वर ८ × ५ मीटरचा, ३० सेंटिमीटर जाडीचा, वर-खाली सळईच्या जाळीचा एम-२५ काँक्रीटचा स्लॅब टाकायचा. तो बारा घनमीटर, म्हणजे तीस टन. रणगाडा धरून ६६ टन ४० चौरस मीटरवर पसरले की दाब पावणेदोन टनांच्या आत येतो. सळईचं गणित स्थानिक अभियंत्याकडून तपासून घ्या, आणि काँक्रीटला अठ्ठावीस दिवस द्या. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून काँक्रीट नंतर ओतणाऱ्यांच्या चौथऱ्यांना तडे का जातात, हे वेगळं सांगायला नको.

ट्रॅक थेट स्लॅबवर ठेवू नयेत. स्लॅबच्या वर १५ सेंटिमीटर उंच दोन काँक्रीटचे पट्टे बांधा, त्यांना बाहेरच्या बाजूला हलका उतार द्या. रणगाड्याचं पोट मुळातच जमिनीपासून ४२-४३ सेंटिमीटर वर असतं. त्यात १५ मिळाले की माणूस पाठीवर सरपटत आत जाऊन रंगाचा ब्रश फिरवू शकतो. पट्टे नसले की खाली पालापाचोळा कुजतो आणि पहिला गंज तिथूनच चढतो.

झाकणं वेल्डिंग करून बंद करण्याची पद्धत आमच्या मते साफ चुकीची आहे. मुलं आत अडकू नयेत हा हेतू बरोबर, पण इंजिनवरच्या जाळीतून पाऊस आत जातच राहतो आणि ते पाणी कुणाला दिसत नाही. वेल्डिंगऐवजी आडवी पट्टी, बोल्ट आणि कुलूप लावा. पोटाखालचे निचऱ्याचे बूच काढून त्या भोकांना बारीक जाळी बसवा. इंजिनवरच्या जाळीखाली पत्रा उतरता लावा. वेल्डिंग करायचंच झालं तर डिझेलच्या टाक्या आधी धुऊन घेतल्याशिवाय ज्योत जवळ नेऊ नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट.

रंगासाठी बाहेरचं क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस मीटर धरा. गंज ब्लास्टिंगने (दाबाच्या हवेने केलेल्या कणांच्या माऱ्याने) काढून एपॉक्सी प्रायमर ७५ मायक्रॉन, मधला एपॉक्सी थर १०० मायक्रॉन, वर पॉलियुरेथेन ५० मायक्रॉन. फवारणीतली नासाडी धरून प्रायमर २५ लिटर, मधला थर २५ ते ३०, वरचा १७ ते २० लिटर लागतो. साधा ऑइल पेंट स्वस्तात होतो आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो. रंगकामाचे महिने नोव्हेंबर ते मे. हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी डबा उघडूच नये, कोकणात तर सकाळी दहाच्या आधी नाहीच.

विमान

मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झालं, त्यामुळे त्याची मागणी आता वाढणार. वजन कमी असल्याने ते सोपं वाटतं. सोपं नाही.

विमान खांबावर, नाक वर करून, झेप घेतल्यासारखं बसवायची सगळ्यांना हौस असते. पण तसं बसवलं की वाऱ्यात ते खरोखरच उडू बघतं. पुणे-नाशिक भागात इमारतींसाठी धरायचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर. त्याचा दाब चौरस मीटरला ९३ किलोच्या आसपास. पंखांचं क्षेत्रफळ २३ चौरस मीटर. म्हणजे वादळात दोन टनांवर जोर फक्त पंखांवर. मुंबईला ४४ मीटरचा वेग धरतात, तिथे तोच जोर पावणेतीन टनांकडे जातो. इंजिन काढलेलं असल्याने विमान हलकं झालेलं असतं आणि त्याचा तोल पुढे सरकलेला असतो. खांबाचं डोकं कुठेही जोडून चालत नाही. ते पंखांच्या मुख्य कण्याला आणि चाकांच्या जोडांनाच घट्ट हवं. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय करू नका. गावातला फॅब्रिकेटर कितीही हुशार असो, हे ग्रिल-गेटचं काम नाही.

बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, खांब पोलादाचा. दोन्हींच्या मध्ये पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि जोडाभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. मध्ये निओप्रीनचे पॅड, बोल्टभोवती नायलॉनच्या नळ्या आणि सांध्यावर सीलंट, हे तिन्ही लागतं. ब्लास्टिंग इथे करायचं नाही, पत्रा पातळ असतो, लाटा येतात. हाताने घासून, ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमर द्यावा. चाकांवर उभं ठेवणार असाल तर भार टायरवर न ठेवता चाकांच्या जोडांखाली पोलादी आधार द्या. हवा गेलेल्या टायरवर झुकलेलं विमान ओळखीचं दृश्य आहे, आणि ते हुतात्म्यांच्या नावाशेजारी बरं दिसत नाही.

ताब्यात घेताना दोन गोष्टी लेखी हव्यात. एक, वैमानिकाच्या इजेक्शन सीटमधला आणि काचेच्या छताचा स्फोटक भार काढलेला आहे. दोन, जुन्या सोव्हिएत बनावटीच्या काट्यांवर रेडियमचा चमकणारा रंग असतो, त्यामुळे किरणोत्सर्ग मोजून घेतला आहे किंवा पॅनेलच काढलं आहे. ते काटे खरवडणं, फोडणं, कुणाच्या घरी शोभेला नेणं, काहीही नको.

पुढच्या हवेच्या तोंडाला आणि मागच्या धुराड्याला आतून जाळी बसवली नाही तर पहिल्याच वर्षी पारव्यांचं घर होतं. पंखाखाली आग्यामोहोळ बसलं तर पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम लांबूनच करावा लागतो.

तोफ

तोफेबद्दल लिहायला थोडंच आहे, आणि तोच तिचा गुण. २५ पौंडी किंवा १०५ मिमीची तोफ हायड्राने उचलते, ४ × ३ मीटरचा साधा चौथरा पुरतो, दोन पेंटर तीन दिवसांत रंग पुरा करतात. मोठी १३० मिमी मिळाली तर ती दिसते रुबाबदार, पण प्रवासात जवळजवळ बारा मीटर लांब होते. गल्लीचं वळण आधी दोरीने मोजून घ्या.

काळजी तीन ठिकाणी. नळीचा धक्का झेलणाऱ्या यंत्रणेत आणि नळी तोलणाऱ्या सिलिंडरमध्ये दाब किंवा ताणलेली स्प्रिंग असते. तो दाब देणाऱ्या युनिटकडूनच काढून घ्यावा, तिथले नट गावात सोडू नयेत. नळीचं तोंड पोलादी चकतीने बंद करावं आणि मागच्या खालच्या टोकाला निचऱ्याचं भोक ठेवावं, नाहीतर वर तोंड केलेली नळी म्हणजे पाण्याचा नळा. तिसरी गोष्ट पितळ. दुर्बिणीचे कंस, चाकांच्या टोप्या, हातचाकं रात्रीत जातात. निघण्यासारखं पितळ आधीच काढून ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा, किंवा टॅक-वेल्ड करा (वेल्डिंगच्या ठिपक्यांनी पक्कं करा).

जीप, जोंगा (लष्करी जीपसारखी गाडी), शक्तिमान ट्रक हे पर्याय उघड्यावर ठेवायचे असतील तर विचारातच घेऊ नका. पातळ पत्रा कोकणात तीन-चार पावसाळ्यांत चाळण होतो. छप्पर असेल तर गोष्ट वेगळी.

मग ठरवायचं कसं?

नगरपालिका आहे, देखभालीसाठी अंदाजपत्रकात दरवर्षी रक्कम ठेवायची तयारी आहे, रस्ता रुंद आहे: रणगाडा घ्या. त्याआधी अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय एकदा नीट बघून या आणि उघड्यावर उभ्या वाहनांच्या पोटाखाली वाकून बघा. अभियंता आणि भरपूर निधी, दोन्ही आहेत: विमान, तेही शक्यतो जमिनीवर, छपराखाली. बाकी सगळ्यांनी तोफ. आणि निधी फक्त एकदाच जमणार असेल, पुढे काही नाही, तर वाहनच नको, दगड पुरे. आयएनएस विक्रांतसारखी युद्धनौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तीही २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. शेवटी तिच्या धातूतून लायन गेटजवळ एक छोटं स्मारक घडवलं गेलं. ते टिकून आहे.

वाहन आणि फलक यांचा मेळ बसला पाहिजे. कारगिलच्या शिखरांवर रणगाडे लढले नाहीत, तिथे तोफा बोलल्या. कारगिलच्या हुतात्म्यांच्या गावी रणगाडा उभा करणं म्हणूनच विचित्र दिसतं. १९६५ च्या युद्धात पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सेंच्युरियन रणगाड्यावर होते, त्यांच्या नावाच्या फलकामागे टी-५५ असेल तर तसं स्वच्छ लिहावं: “हा रणगाडा वेगळा आहे.” जाणकार माजी सैनिक पहिल्या मिनिटात ओळखतात.

नावं काळ्या ग्रॅनाइटवर, कमीत कमी तीन मिलिमीटर खोल कोरलेली, बसलेल्या वीरमातेचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. सोनेरी रंग उडतो, कोरलेलं अक्षर राहतं. हुद्दा, नाव, रेजिमेंट, ठिकाण, वर्ष हे घरच्यांकडून आणि रेकॉर्ड ऑफिसच्या कागदावरून असं दोनदा तपासा. खाली जागा मोकळी सोडा. का, ते कुणी विचारत नाही.

तपासणीला दिवस आपोआप मिळालेला आहे: खंडेनवमी. पावसाळा नुकताच संपलेला असतो, शस्त्रपूजेला गाव जमतंच. पूजेआधी झाकणं उघडून आतलं पाणी, जाळ्या, बोल्ट बघायचे, खरवडलेल्या जागी प्रायमर लावायचा. नारळ ट्रॅकवर किंवा नळीवर फोडू देऊ नका, शेजारी एक दगड ठेवा. हळदीकुंकू रंगावर नको, फलकाखालच्या पायरीवर. आणि झेंडूचे हार त्याच संध्याकाळी उतरवा. ओल्या फुलांखाली चार दिवसांत रंगावर तपकिरी डाग उमटतो, आणि तो पुढच्या दसऱ्यापर्यंत निघत नाही.