कीबोर्ड साफ करायला आले आणि लॅपटॉप पोखरून गेले

मला फक्त कीबोर्ड साफ करून हवा होता. त्यापायी माझे १२,२९९ रुपये गेले, लॅपटॉपमधली निम्मी रॅम (चालू कामाची मेमरी) गेली, ५१२ जीबीची एसएसडी (सगळ्या फायली साठवणारी डिस्क) जाऊन तिच्या जागी २५६ जीबीची कुठलीतरी जुनी आली, आणि कीबोर्डची बटणं अजून तशीच चिकटतात. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण राग त्याहून मोठा आहे. ‘एवढी हिशोबाची माणसं अशी कशी फसतात’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हे वाचावंच.

मी पुण्यात घरबसल्या हाउसिंग सोसायट्यांचे हिशोब लिहिते. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, ताळेबंद, ऑडिटची तयारी. दिवसभर बोटं नंबर पॅडवर असतात. ऐन मार्चअखेरीला ५ चं बटण दोनदा उमटायला लागलं आणि एंटर खाली गेला की वर येईना. एका सभासदाची ५,००० ची पावती ५५,००० ची झाली, ती छापायच्या आधी नजरेस पडली म्हणून वाचले. बटणांखाली वर्षानुवर्षांची धूळ होतीच, त्यात कधीतरी चहाचे थेंब उडाले होते. चहातलं पाणी सुकतं, साखर तिथेच राहते आणि तिच्यावर धूळ बसत जाते.

घरी मी काहीच केलं नाही असं नाही. लॅपटॉप बंद करून, उलटा धरून झटकला, मऊ ब्रशने फटी साफ केल्या. पण पाणी किंवा कसलंही लिक्विड आत गेलं तर मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, जातो, हे जिथेतिथे वाचलेलं होतं. माझ्याकडे लोकांचा डेटा असतो, म्हणून स्वतः प्रयोग करण्याऐवजी जाणकार माणूस बोलवायचा असं ठरवलं. काळजी घेणाऱ्या माणसाने हेच केलं असतं.

शोधल्यावर सगळ्यात वर जे आलं त्यावर माझ्या लॅपटॉपच्या कंपनीचा लोगो होता, ‘अधिकृत सेवा केंद्र, पुणे’ असं लिहिलेलं होतं आणि खाली फोन नंबर. वर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ हा शब्द असतो, तो जाहिरातीचा. पैसे भरून कुणीही ती जागा घेऊ शकतं. कंपनीचा नंबर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा वॉरंटी कार्डावरूनच घ्या, शोधात वर आलेल्या पहिल्या ओळीवरून कधीही नाही. फोनवरचा माणूस अत्यंत अदबीने बोलला. मॉडेल नंबर विचारला, तक्रार क्रमांक दिला, मेसेजही आला. ‘घरी येऊन कीबोर्ड क्लीनिंग, ४९९ रुपये फक्त.’

दुसऱ्या दिवशी लोगोचा टी-शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला मुलगा आला. ‘मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे,’ म्हणाला. लॅपटॉप चालू, चार्जर लावलेला, आणि तशातच त्याने बॅगेतून बाटली काढून थेट बटणांवर फवारा मारला. मी लगेच म्हटलं, अहो, आधी बंद तरी करा. ‘हे स्पेशल केमिकल आहे, यात करंट जात नाही.’ मिनिटभरात स्क्रीन काळी. मग लॅपटॉप उलटा करून खालचं झाकण काढलं, मोबाइलचा टॉर्च मारला आणि तोंड पाडून म्हणाला, ‘आत करोजन आहे मॅडम, गंज. हा आज नाही तर उद्या जाणारच होता. बरं झालं आम्हाला बोलावलंत.’

लॅबमध्ये न्यावा लागेल, मदरबोर्डला ट्रीटमेंट ७,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,३५०, एकूण ८,८५०. निम्मे आधी. म्हणजे भेटीचे ४९९ आणि ४,४२५ तिथल्या तिथे. त्याने मोबाइलवर क्यूआर कोड दाखवला.

आणि इथे मी रोज येऊन अडखळते. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं नाही. एका माणसाचं नाव आलं. साधं नाव आणि आडनाव. मी ते वाचलं. वाचून त्याला विचारलंसुद्धा, हे कोण? तो चाचरला नाही की वर बघितलं नाही, बॅगेची चेन लावता लावता म्हणाला, ‘आमच्या अकाउंट्सवाल्या सरांचं आहे, कंपनीचं खातं मार्चएंडमुळे बंद आहे.’ मार्चएंड! मला! जिचं अख्खं घर त्या महिन्यात फायलींनी भरलेलं असतं तिला त्याने बरोबर मार्चएंडचं कारण दिलं, आणि ते मला पटलं. आजही ते नाव डोळ्यांसमोरून जात नाही. पिन टाकायच्या आधीचे ते चार सेकंद. आता विचार करा, भाजीवाल्याच्या कोडवर त्याच्या मेव्हण्याचं नाव येतं, वाण्याच्या कोडवर वाणीणबाईंचं, प्लंबरच्या कोडवर भलत्याचंच. रोज आपण असे पैसे देतोच की! दहा ठिकाणी जे चालतं ते अकराव्या ठिकाणी चालणार नाही, हे माणसाने ओळखायचं कशावरून? यूपीआय ॲप पैसे जाण्याआधी बँकेत नोंदलेलं नाव दाखवतं ते यासाठीच. दुकान कंपनीचं आणि नाव माणसाचं असेल तर तिथेच थांबा. समोरचा काय कारण देतो ते ऐकूसुद्धा नका.

त्याने विंडोजचा पासवर्डही मागितला, ‘टेस्टिंगसाठी’, आणि स्टिकरवर लिहून लॅपटॉपला चिकटवला. कीबोर्ड साफ करायला पासवर्ड लागत नाही. मदरबोर्ड दुरुस्तीलाही फार तर तो चालू होतो का हे बघायचं असतं. दुरुस्तीला मशीन द्यायचंच असेल तर एसएसडी काढून घरी ठेवा. नाही जमलं तर निदान रॅम किती, एसएसडी किती आणि मागचा सिरियल नंबर यांचे फोटो काढा, आणि तेवढंच त्याच्याकडून पावतीवर लिहून सही घ्या. मला दिलेल्या पावतीवर यातलं काहीच नव्हतं. जीएसटी नंबर होता, पण तो १४ अक्षरांचा. खरा १५ चा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. मी रोज असे नंबर भरते. पण समोर बंद पडलेला लॅपटॉप आणि डोक्यावर तीन सोसायट्यांचं ऑडिट असताना पावतीवरची अक्षरं कोण मोजत बसतं?

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल. फोन उचलायचे नाहीत. उचलला तर ‘इंजिनिअर रजेवर’. मग त्यांचाच फोन आला, ‘डेटा करप्ट झालाय, रिकव्हरीचे २,५०० अधिक जीएसटी, २,९५०. नाहीतर फॉरमॅट करावा लागेल.’ त्या डेटात सोसायट्यांची वर्षभराची खाती होती. दिले. लॅपटॉप परत आला तेव्हा उरलेले ४,४२५ हातात घेतल्याशिवाय त्याने बॅग उघडली नाही.

लॅपटॉप सुरू झाला, पण टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडायला एवढा वेळ की चहा करून यावा. आमच्या एका सोसायटीचे सीसीटीव्ही बघणारे गृहस्थ आहेत, त्यांना दाखवला. झाकण उघडायच्या आधीच त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडलं आणि परफॉर्मन्समध्ये दाखवलं: मेमरी ८ जीबी. माझी १६ होती. आत मदरबोर्डवर दुरुस्तीची एक खूण नाही. करोजन नव्हतंच. लॅपटॉप बंद पडला होता तो त्या फवाऱ्याने, आणि सुकल्यावर आपसूक सुरू झाला असावा असं त्यांचं म्हणणं. रॅम आणि एसएसडी पुन्हा पूर्वीसारखी करायला मला वर ७,८०० रुपये पडले. एकूण २०,०९९. लॅपटॉप हातात आला की आणणारा माणूस दारात उभा असतानाच कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं दाबा आणि मेमरी बघा.

कीबोर्डचं त्यांनी काय सांगितलं तेही लिहिते, कारण हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पुढचं घडलं नसतं. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, पुण्याच्या तपकीर गल्लीत तर सहज. ते कानकोरणीच्या कापसाला लावायचं, कापूस ओला पण गळता नको, आणि बटणाच्या कडांवरून फिरवून बटण वरखाली दाबायचं. दोनतीनदा केलं की साखर सुटते. फवारा थेट कधीही नाही. हँड सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, ते आणखी चिकटतं. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, त्यातलं ॲसिटोन प्लास्टिक खातं. लॅपटॉपची बटणं उपटू नका, खालच्या बारीक क्लिपा तुटतात. वेगळा मेकॅनिकल कीबोर्ड असेल तर त्याची बटणं काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुता येतात, पण पूर्ण वाळल्याशिवाय बसवायची नाहीत.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याविषयी. बँकेत गेले तर उत्तर आलं, ‘पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही.’ अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण देणारं परिपत्रक रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये काढलं होतं, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवायचं वगैरे, पण स्वतः पिन टाकून पाठवलेला पैसा त्यात धरत नाहीत. ठीक आहे. पण ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुणाचं हे बँकांना माहीत असतं ना? नाव माझ्या स्क्रीनवर आहे! ‘ती माहिती देता येत नाही.’ म्हणजे चोराची गुप्तता जपायची आणि माझी पासबुकं काउंटरवर उलटीपालटी करायची.

पोलीस चौकीत गेले. ‘ऑनलाइन नंबर मिळाला ना? मग सायबर पोलिसांकडे जा.’ सायबरला गेले. ‘माणूस घरी आला, लॅपटॉप तुम्ही हाताने दिलात, यात सायबर काय? चौकीत जा.’ परत चौकीत. आता, ‘हा दिवाणी वाद आहे, ग्राहक मंचात जा.’ शेवटी टेबलावरचे एक साहेब हसत म्हणाले, ‘मॅडम, कीबोर्ड पुसायला कुणी माणूस बोलावतं का?’ मी तिथे उभी होते, मागे रांग होती, सगळ्यांनी ऐकलं. खोटं नाव सांगून घरात शिरायचं, चालू मशीन बिघडवायचं, आतले भाग चोरायचे, डेटा अडवून पैसे उकळायचे, आणि हा दिवाणी वाद! भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घेता येते, आणि नाकारली तर वरिष्ठांना लेखी पाठवता येते. मी पाठवली, रजिस्टर्ड पोस्टाने. ती ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शिक्का घेऊन त्याच चौकीत त्याच टेबलावर परत आली.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, हे खरं. पण तक्रार करायची कुणाविरुद्ध? पावतीवरच्या पत्त्यावर एक क्लास चालतो. तिथल्या बाई माझ्यावरच वैतागल्या, माझ्यासारखे बरेच जण त्यांच्या दारात येऊन गेले म्हणे. लॅपटॉप कंपनी म्हणते आमचा संबंध नाही. जाहिरातीची तक्रार केली तर आपोआप पाठवलेले आभार आले. जाहिरात अजून दिसते, नंबर तेवढा बदललाय.

आणि पैशांपेक्षा जड गेलं ते सोसायट्यांच्या सेक्रेटरींना फोन करणं. सभासदांचे पॅन, मोबाइल, फ्लॅटची माहिती, सगळं त्या काढून घेतलेल्या एसएसडीवर आहे. सगळे पासवर्ड बदलले, तेही दुसऱ्या मशीनवरून. पण गेलेली डिस्क कुणाच्या हातात आहे कुणास ठाऊक. एका सेक्रेटरींनी काम काढून घेतलं. त्यांना मी काय बोलणार?

पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, चौकीत बसून तास घालवू नका. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तर तिथूनच. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, नावाचा स्क्रीनशॉट, पावती, कॉलची नोंद, काहीही पुसू नका. पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये ‘४९९ मध्ये कीबोर्ड क्लीनिंग’वाले कुणाच्या घरी येऊन गेले असतील आणि पैसे एखाद्या माणसाच्या नावावर गेले असतील तर मला कळवा. लाजू नका, मीही लाजून गप्पच होते. त्याच खात्यावर चारपाच जणांच्या तक्रारी एकत्र गेल्या तर हा दिवाणी वाद आहे असं त्यांना म्हणता येणार नाही. माझा अर्ज लिहून तयार आहे.