बीबीएफ पेरणी यंत्र, तीन खरीप वापरून: यंत्र चांगलं, पण उतार बघून चालवा

तीन खरीप झाले बीबीएफवर (ब्रॉड बेड फरो, म्हणजे रुंद वाफा आणि सरी) सोयाबीन पेरून, म्हणून आता लिहितोय, एका हंगामावर लिहिण्यात अर्थ नव्हता. आमचं रान हिंगोली जिल्ह्यात सेनगावकडं, साडेचार एकर, त्यातलं वरचं एकरभर मुरमाड आणि बाकी काळी, सगळ्याला उगवतीकडून मावळतीकडं उतार आणि खाली ओढा. यंत्र विकत घेतलेलं नाही, भाड्यानं घेतो, ट्रॅक्टर आणि ड्रायव्हरसकट. साध्या पेरणीपेक्षा एकरी २००-३०० रुपये जास्त पडतात आमच्याकडं.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, हे यंत्र पेरता पेरताच चार तासांचा, म्हणजे चार ओळींचा, रुंद वाफा करतं आणि दोन्ही बाजूंनी सरी पाडतं. पाऊस जास्त झाला तर वाफ्यावरचं पाणी सरीत उतरतं, पीक चिबडून पिवळं पडत नाही, आणि पावसानं पंधरा-वीस दिवस दडी मारली तर सरीत मुरलेल्या ओलीवर तग धरतं. बियाणं पण कमी लागतं, आधी एकरी ३० किलोची बॅग पुरी जायची, आता २२ किलोत भागतं आणि झाडाला फुटवा चांगला येतो.

पण पहिल्या वर्षी जे झालं ते आधी सांगतो कारण तीच चूक मी आजूबाजूच्या रानांत अजून बघतोय. आमचं रान उताराच्या दिशेनं लांब आहे. ड्रायव्हर म्हणाला, दादा लांबीनं मारतो, वळणं कमी, डिझेल वाचतं. आण्णा नको म्हणत होते, ते तिफणीवर असताना कायम आडवंच पेरायचे, पण पाऊस तोंडावर होता आणि मी हो म्हणालो. जुलैत एका रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी जाऊन बघतो तर प्रत्येक सरीची नाली झालेली, वरच्या अंगाला बोटभर खोल आणि खाली येता येता वीतभर कातरलेली, धुऱ्यापाशी (बांधापाशी) मऊ गाळ साचलेला आणि बाकीचं पाणी चहासारखं लाल होऊन ओढ्यात चाललेलं, तिथून पुढं कयाधू नदीत. त्या पाण्याची एक बाटली भरून घरी आणून ठेवली, संध्याकाळपर्यंत तळाला दोन बोटं माती बसली. पोटात गोळा आला ते बघून. यंत्र तेच, रान तेच, फक्त ट्रॅक्टर उभा चालवला म्हणून पाणी वाचवायच्या सरीनंच माती वाहून नेली.

हिशोब करून बघा, एका एकरावरून नुसता १ मिलिमीटर थर गेला तरी ती पाच टनांच्या वर माती होते. आणि पाणी आधी नेतं ते बारीक कण आणि सेंद्रिय भाग, म्हणजे जमिनीतलं सगळ्यात कसदार तेच, खडे आणि भरड तेवढं मागं राहतं. मग खत वाढवा, तरी उतारा तेवढाच.

दुसऱ्या वर्षी गवंड्याकडून लेव्हल बघायची पाण्याची नळी आणली, आणि मी आणि भावानं उताराला आडवी लाईन काढून चुन्यानं आखली, अगदी सपाट नाही, १०० मीटरला साधारण अर्धा मीटर उतार ठेवला, म्हणजे जादा पाणी सावकाश चालत बाहेर पडतं, पळत नाही. वळणं वाढली, दीड तास जास्त लागला, ड्रायव्हरला त्याचे पैसे वेगळे दिले. त्या वर्षीच्या मोठ्या पावसानंतर पुन्हा बाटली भरली, तळाला बोटाच्या पेरापेक्षा कमी माती होती. दोन्ही पाऊस सारखे नव्हते हे मान्य, पण सरी कातरलेली कुठं दिसली नाही.

ही पद्धत काय आजची नाही. हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅटमध्ये (कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) १९७६ पासून काळ्या जमिनीवर हाच प्रयोग चालू आहे, एकीकडं पावसाळाभर रान मोकळं ठेवून रब्बी घ्यायची जुनी पद्धत, दुसरीकडं हलक्या उताराचे गादीवाफे आणि पावसाळ्यात ज्वारी-तूर. मोकळ्या रानातून वर्षाला हेक्टरी साधारण ६.४ टन माती गेली, गादीवाफ्याच्या रानातून दीड टन. नुसत्या सरीचा हा फरक नाही, पावसाचा थेंब उघड्या मातीवर पडतो का पानावर पडतो, याचा पण आहे. म्हणून आम्ही यंत्राच्या बियाण्याच्या पेटीचा एक कप्पा तुरीला ठेवतो. सोयाबीन निघालं तरी तूर उभी असते आणि तिची पानगळ वाफ्यावर पडत राहते. सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचं भुसकट) पेटवणं बंद केलं आणि रोटाव्हेटर पण बंद, त्यानं मातीचं पीठ होतं आणि पहिल्याच पावसात वर पापुद्रा धरतो.

माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.४१ टक्के आला होता, ०.५ च्या खाली म्हणजे कमीच. तीन वर्षांत तो आकडा फार हलला नाही, खोटं कशाला सांगू. पण वाफ्यावरचं ढेकूळ हातात घेऊन दाबलं तर आता रव्यासारखं फुटतं आणि खाली गांडुळं दिसतात, पूर्वी दगडासारखं असायचं.

आता तक्रारी. माती जरा ओली असली की खताच्या नळ्या चोक होतात, एकदा दोन तासं अर्ध्या रानापर्यंत बिनखताची गेली आणि ड्रायव्हरला पत्ता नाही, मागं एक माणूस चालवाच. तुरीची चकती (पेटीतून बी मोजून सोडणारी) वेगळी असते, ती आधीच मागून घ्या, नाहीतर सोयाबीनच्या चकतीवर तूर विरळ-दाट पडते. डवरणी (ओळींमधली कोळपणी) करताना नेहमीचा डवरा सरीची कड ढासळवतो, आम्ही फण सरकवून घेतले. वरच्या मुरमाड एकरात फायदा दिसला नाही, तिथं साधीच पेरणी करतो पण आडवी. आणि ज्या केंद्रातून भाड्यानं आणतो (नाव घेत नाही) त्यांनी एका वर्षी तारीख देऊन तीन दिवस लावले, तोपर्यंत वाफसा (पेरणीजोगी ओल) गेला होता.

यंत्राला पाचपैकी साडेचार, भाड्याच्या सर्व्हिसला अडीच. यंदा मे मध्येच बुकिंग केलं, आखणी झाल्याशिवाय ट्रॅक्टर रानात घालायचा नाही हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलंय, आणि नळीचं एक टोक धरायला आण्णा स्वतः येणार आहेत.